लाल चिठ्ठीचे पिंजरे

तायडे मॅडमवर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या हाताखाली माझ्यापेक्षा हुशार मुलं पुष्कळ शिकली. त्यांच्यातलं कोणी लिहितं तर जास्त शोभलं असतं. मी परीक्षेच्या पेपरांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील भाजी पिकवतात आणि धामणगाव बढ्याच्या बाजारात बसून विकतात. शिवाय मॅडम चांगल्या हयात आहेत, आणि हयात माणसाबद्दल त्याला न विचारता लिहिणं बरं नाही, एवढं मलाही कळतं. पण विचारलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून पाहून म्हटलं असतं, "काऊन रे, दुसरं काम नाही का?" आणि मग माझ्याच्यानं एक ओळही झाली नसती. तेव्हा जे चुकेल ते माझं, माफ करावं.

बुलढाण्याच्या आमच्या फार्मसी कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवायच्या. औषध अंगात गेल्यावर काय काय करतं, तो विषय. राहायला नांदुऱ्याला, आईजवळ. सकाळच्या बसनं घाट चढून यायच्या आणि संध्याकाळच्या बसनं उतरायच्या. बसमध्ये उभं राहून प्रवास केल्यामुळे की काय, वर्गातही त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. एक हात टेबलाला धरून उभ्या राहायच्या, जणू टेबल आता वळण घेणार आहे. पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन रुमाल असायचे. एक घाम पुसायला, आणि दुसरा उंदरांसाठी. पांढरा उंदीर हातात घेतला की त्या आधी त्याच्या डोळ्यांवर तो रुमाल टाकायच्या. अंधार झाला की तो शांत व्हायचा. आमच्यातला एकजण एकदा चुकून त्या रुमालाला हात पुसायला गेला, तर म्हणाल्या, "तो माझा नाही, त्यांचा आहे. विचारून घे." मुलं हसली. त्या हसल्या नाहीत.

थंडीच्या दिवसांत त्यांची आणखी एक सवय होती. प्राण्यांच्या खोलीत जायच्या आधी त्या कँटीनचा चहा मागवायच्या आणि गरम ग्लास दोन्ही हातांत धरून उभ्या राहायच्या. हात ऊबदार झाले की ग्लास तसाच खिडकीत ठेवून आत जायच्या. गार हात लागला की उंदीर दचकतो, असं त्यांचं म्हणणं. तो चहा त्यांनी कधी प्यायलेला मी पाहिला नाही. कँटीनवाला मात्र चिडायचा. मॅडमला माझा चहा आवडत नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे.

प्रयोगाच्या अहवालात आम्ही सगळे एक शब्द हमखास लिहायचो. पुस्तकातच तो तसा असतो: इतके इतके प्राणी 'सॅक्रिफाइस' केले. मॅडम त्या शब्दावर लाल रेघ मारायच्या. एकदा वर्गातच म्हणाल्या, "बळी दिला असं आपण कधी म्हणतो? आपलं स्वतःचं काही दिलं तर. इथं तुमचं काय गेलं? मारले, असं लिहा." तेव्हापासून आमच्या बॅचच्या अहवालांत 'मारले' असं असायचं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ते अडाणीपणाचं वाटलं, आणि तोंडी परीक्षेत त्यांनी त्यावरून आमची थट्टा केली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की मुलांची चूक नाही, ते मी लिहायला लावलं आहे.

आता माझ्यामुळे काय सुरू झालं ते सांगतो. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी वर्गात विचारलं, तुमच्या घरी पोट दुखलं की काय देतात? मुलांनी गोळ्यांची नावं सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मला एकही नाव आठवेना, म्हणून जे खरं होतं ते बोललो. आमच्याकडे मुरुडशेंग उगाळून देतात, म्हटलं. पिळा दिलेल्या दोरीसारखी जंगलातली शेंग असते. पोटात मुरडा आला, जुलाब लागले, तान्हं बाळ रडायला लागलं, की आई ती सहाणेवर उगाळते. वर्ग हसला. मॅडमनी मात्र तास संपल्यावर मला थांबवून घेतलं. किती उगाळते, पाण्यात की दुधात, दिल्यावर किती वेळानं बाळ झोपतं, असं सगळं विचारलं. पुढच्या आठवड्यात आईनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून शेंगा पाठवल्या. "तुह्या मॅडमले म्हना, अजून लागल्या तं सांगजा," असा निरोपही दिला.

मॅडमचं पीएचडीचं काम तेव्हा नुसतं नावापुरतं नोंदवलेलं होतं, विषय ठरत नव्हता. तो मुरुडशेंगेवर ठरला. त्यांच्या दृष्टीनं ते नुसतं शिक्षण नव्हतं. कितीतरी वर्षं त्या हंगामी होत्या. संस्थेनं स्पष्ट कळवलं होतं की ठरलेल्या मुदतीत पीएचडी झाली तर जागा कायम, नाहीतर जाहिरात काढून दुसरं माणूस घेऊ. वडील गेलेले, आई थकलेली, आणि नांदुऱ्याचं घर त्यांच्या पगारावर चाललेलं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. ते मला त्यांच्या आईकडून कळलं.

शेंगांचं दुसरं गाठोडं घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, त्या दिवशी पौर्णिमा होती. आई दारातच बसल्या होत्या. माझी ओळख पटल्यावर त्यांनी लेकीची तक्रार सुरू केली, आणि मॅडम आतून, "आई, पुरे व," म्हणत होत्या.

"घरात उंदीर निघाला तं हे त्याले पिंजऱ्यात धरते अन् टेसनापल्याड नेऊन सोडते," आई म्हणाल्या. "अन् कॉलेजात जाऊन पगार घेऊन मारते. आता तूच सांग बापू, हिले काय म्हनाव?"

संध्याकाळी त्या दोघी मला विहारात घेऊन गेल्या. मी त्यांच्या धर्माचा नाही, तरी आईंनी सोडलं नाही. मागे चटईवर बसलो. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. पहिलं शील जिवाची हिंसा न करण्याचं. ते चालू असताना मॅडमचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्यापासून त्यांचा आवाज सगळ्यांत स्वच्छ ऐकू आला. मला वाटलं, त्यांना उशिरा सूर सापडला असेल. परतताना आईंनीच सांगितलं की नोकरी लागल्यापासून हे असंच आहे. "मी म्हनलं, म्हन ना व. सगळेच म्हन्तात, पाळते कोन? तं म्हनते, पाळनं होत नाही तं म्हनू कसं?"

मॅडम दोन पावलं पुढे चालत होत्या. ऐकू आलं असणार, पण वळल्या नाहीत.

शेवटच्या वर्षी आमच्या गटाचा प्रकल्प त्यांच्याच कामाचा एक भाग होता. प्रयोग सांगायला सोपा आहे. उंदरांना संध्याकाळपासून उपाशी ठेवायचं, फक्त पाणी द्यायचं. सकाळी काहींना मुरुडशेंगेचा अर्क द्यायचा, काहींना तुलनेसाठी नुसतं गोंदाचं पाणी. मग सगळ्यांना कोळशाची पूड कालवून पाजायची. थोड्या वेळानं उंदीर मारायचा, आतडं काढून पसरायचं, आणि काळा रंग कुठपर्यंत पोचला ते मोजायचं. औषधानं आतड्याची चाल मंदावली असेल, तर काळं मागेच राहतं. ज्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना औषध द्यायचं त्यांना मॅडमनी लाल चिठ्ठ्या लावल्या होत्या, बाकीच्यांना पांढऱ्या. मारायचं काम त्या कोणालाही करू देत नसत. जास्तीची भूल देऊन स्वतः करायच्या, आणि तेवढा वेळ आम्हाला बाहेर काढायच्या. आत बोलावलं की मी आतड्याच्या कडेनं दोरा धरायचो आणि त्या मोजायच्या.

प्राण्यांच्या खोलीची झाडलोट, दाणापाणी बघायला गोदामावशी होत्या. कंत्राटी कामावर. आम्हा मुलांना त्या "डाक्टर" म्हणायच्या आणि लगेच, "पन टोचता येत नाही तुमाले," असं जोडून द्यायच्या. मॅडम शेवटच्या बसनं नांदुऱ्याला गेल्या की खोलीची किल्ली मावशींकडे असायची. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी त्यांना बजावलं होतं की उद्या लाल चिठ्ठीवाल्यांना औषध आहे, पांढऱ्यांना नुसतं पाणी, आज कोणालाच दाणे टाकायचे नाहीत. मावशींनी हाव म्हटलं, आणि दाण्यांचा डबा खरंच कडीकुलपात ठेवला.

निकाल पाहून आमचा विश्वास बसेना. गोंदाच्या पाण्यावरच्या उंदरांमध्ये काळं लांबवर गेलेलं, आणि लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्यांमध्ये ते मागेच अडलेलं. फरक डोळ्यांनीच दिसत होता, मोजण्याची गरज नव्हती. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा स्टुलावर बसल्या. मग मला आडनावानं हाक मारून म्हणाल्या, "सोनुने, आईला सांग. तिचं बरोबर आहे." मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. तिनं गल्लीभर सांगितलं की कॉलेजानं आपल्या मुरुडशेंगीले पास केलं.

मॅडमनी त्यावर शोधनिबंध लिहून एका मासिकाला पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. खर्च करण्यात त्या हात आखडणाऱ्या, पण पेढे चांगल्या दुकानातले होते. शिक्षकांना वाटून झाल्यावर त्या प्राण्यांच्या खोलीत आल्या. मी पिंजरे धुवायला मदत करत होतो. त्यांनी मावशींच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या की यात तुमचाही वाटा आहे.

मावशी खूश झाल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "हाव ना मॅडम. म्या त्याइले रिकाम्या पोटी औषध घेऊच देल्लं नाही."

मॅडमना आधी कळलं नाही. त्यांनी हसून विचारलं, म्हणजे काय?

"लाल चिठ्ठीवाल्याइले. इवलासा जीव, अन् सकाळी कडू औषध. लेकराले तरी कोनी रिकाम्या पोटी देते का? तुम्ही दाने नका म्हनल्या म्हून दाने नाही टाकले. घरची भाकर दुधात कुस्करून घातली, थोडी थोडी."

"आणि पांढऱ्या चिठ्ठीच्यांना?"

"त्याइले कायले? त्याइले तं तुम्ही पानीच देनार होत्या."

नळ चालू होता, तो मी बंद केला. काय झालं हे मलाही लगेच समजलं. ज्यांना औषध दिलं त्यांचीच पोटं भरलेली होती. भरल्या पोटात कोळसा पुढे सरकत नाही. चिरताना पोटात काही दिसलं असेलही, पण कोळशाच्या काळ्यात ते काळंच दिसलं. आमचा सगळा निकाल मुरुडशेंगेचा नव्हता, भाकरीचा असू शकत होता. खरं काय ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. विचारायला ते उंदीर उरले नव्हते.

मॅडम मावशींवर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त पेढ्यांचा डबा पुढे केला. "अजून एक घ्या. नातवाला न्या." बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाल्या, "मावशींना काही बोलायचं नाही. आयुष्यात कधी नाही. घरी जायची घाई माझी होती. रात्रीचं मी कोणाला तरी थांबवायला पाहिजे होतं."

मावशी आता लेकीच्या गावाला निघून गेल्या आहेत, म्हणून मी हे लिहू शकतो. त्या अजूनही समजतात की मॅडमचा प्रयोग त्यांच्या भाकरीमुळे पार पडला.

पुढच्या काही दिवसांत मॅडमनी मासिकाला पत्र लिहून निबंध परत घेतला. त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक फोनवर फार चिडले. फोनमधला त्यांचा आवाज प्रयोगशाळेच्या दारापर्यंत ऐकू येत होता. असं थोडंफार सगळीकडेच होतं, तुम्ही कशाला उकरून काढता, असा त्यांचा सूर होता. मग ते म्हणाले, ठीक आहे, नवे प्राणी मागवा आणि पुन्हा करा. प्राचार्यांनीही तेच सुचवलं. मुदत संपायला अजून वेळ होता. प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे मॅडम स्वतः गेल्या आणि सांगितलं की प्राणी उपाशी ठेवण्यावर माझी देखरेख नव्हती. मावशींचं नाव त्यांनी घेतलं नाही. समितीनं समज दिली आणि पुन्हा करायला परवानगीही दिली.

पण त्यांनी नवे उंदीर मागवले नाहीत. एक आठवडा गेला, एक महिना गेला. शेवटी धीर करून मीच विचारलं. त्या खिडकीत उभ्या होत्या.

"पहिले मारले ते काहीतरी विचारायला मारले," त्या म्हणाल्या. "आता मारीन ते माझी नोकरी वाचवायला. उंदराला दोन्ही सारखंच आहे, सोनुने. मले नाही."

वर्गात त्या कधी 'मले' म्हणत नसत.

मॅडमचं चुकलं असं मला कधी कधी वाटतं. मुरुडशेंग काम करते की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पुन्हा केलं असतं तर पहिल्यांचं मरण निदान वाया गेलं नसतं, असंही म्हणता येईल. मी तेव्हा हे बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं का, माहीत नाही. पण विषय मी दिला होता, शेंगा माझ्या आईनं बांधल्या होत्या, आणि दोरा माझ्या हातात होता. नुकसान मात्र त्यांचं एकट्यांचं झालं. आमच्या गटाचा प्रकल्प त्यांनी नुसत्या अर्कापुरता ठेवला, रसायनांच्या चाचण्यांचा. उंदरांचा भाग काढून टाकायला लावला. कोणाचाही एक मार्क कमी झाला नाही. मला त्या वर्षी चांगले मार्क मिळाले आणि त्याच मार्कांवर पुढे नागपूरला एम.फार्म.ला प्रवेश मिळाला. आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ती शेजारच्या बायकांना आताही मुरुडशेंग देते, आणि देताना कॉलेजाचं नाव सांगते.

नागपूरला गेल्यावर मी मॅडमना फोन करायचं टाळत गेलो. आधी दर महिन्याला, मग सणाला, मग नुसते मोबाइलवर शुभेच्छांचे संदेश. त्यांचं उत्तर प्रत्येक वेळी यायचं. स्वतःचं काही नसायचं. 'अभ्यास कर. आईला नमस्कार.' एवढंच. काम कुठवर आलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. उत्तर मला माहीत होतं आणि ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मोताळ्याच्या बसस्टँडवर त्या अचानक दिसल्या. मी गावाला चाललो होतो, त्या कॉलेजातून घरी. उन्हानं पत्रे तापलेले होते आणि त्या रसवंतीच्या सावलीत उभ्या होत्या. केस बरेच पिकले होते. मी पाया पडायला वाकलो, तर मागे सरकून म्हणाल्या, "स्टँडवर नको. लोकांना वाटंल मी कोन आहो." मग आईची चौकशी केली, माझ्या परीक्षेची केली. मी म्हटलं, निकाल लागला, आता नोकरी शोधतोय, ठिकठिकाणी अर्ज टाकले आहेत.

"आपल्या कॉलेजात टाकला का?"

मी म्हटलं, जाहिरात पाहिली, एक जागा आहे, पण टाकला नाही. तिथं माझ्यापेक्षा अनुभवी माणसं येतील.

"टाक," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नांदुऱ्याची गाडी लागली. गर्दी होती. त्या पायरीवर चढल्या, एका हातानं दांडी धरली, दुसऱ्या हातानं पिशवी पोटाशी घेतली. मागच्या माणसानं रेटलं तशा आत सरकल्या. खिडकीत त्या दिसतील म्हणून मी गाडी सुटेपर्यंत थांबलो. पण त्यांना बसायला जागा मिळाली नसावी. उभ्या लोकांमध्ये मला त्यांची फक्त बांगड्यांची मनगटं दिसली, वर दांडीला धरलेली.

मी अर्ज टाकला. मुलाखत झाली. मुलाखतीच्या दिवशी मॅडम रजेवर होत्या, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

काल दुपारी प्राचार्यांचा फोन आला. निवड झाली, सोमवारी रुजू व्हा, म्हणाले. मी आभार मानले. मग त्यांनी सहज म्हणावं तसं सांगितलं की तायडे मॅडमची मुदत संपली, त्यांनी प्रबंध दिलाच नाही, नोंदणी स्वतः रद्द करून घेतली. ही त्यांचीच जागा. त्या आता देऊळगाव राजाच्या बाजूला एका छोट्या डिप्लोमा कॉलेजात जाणार आहेत. पगार बराच कमी आहे आणि आईला घेऊन तिकडेच राहावं लागेल. "तुमचं नाव त्यांनीच सुचवलं," प्राचार्य म्हणाले. "मी विचारलं, एवढे अर्ज आहेत, हाच का? तर म्हणाल्या, उंदीर उचलताना त्याचा हात थरथरतो. ज्याचा थरथरत नाही त्याला घेऊ नका."

सोमवारी येता ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.